ठिणगी कुठे पडावी?

दिवाळी अंकाच्या फराळात विजेच्या तारांची गोष्ट वाढणे हे काही रसिकतेचे लक्षण नव्हे, हे मला ठाऊक आहे. कथा, कविता आणि राशिभविष्य यांच्या मधल्या पानावर ‘वायरिंग’ हा शब्द दिसला की कित्येक वाचक पान उलटतील, हेही ठाऊक आहे. परंतु या सदराचा शिरस्ताच असा पडला आहे की, जे घरोघर घडते आणि ज्याविषयी कोणी चार शब्द बोलत नाही, त्याविषयी बोलावे. तेव्हा वाचकहो, करंजी हातात असू द्या आणि दहा मिनिटे माझे ऐका.

गोष्ट माझ्या मावशीच्या घरची आहे. तिचे गाव जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेवर, नारायणगाव आणि मंचर यांच्या मधल्या पट्ट्यात. गावाचे नाव सांगत नाही. कारण हीच गोष्ट त्या भागातल्या कुठल्याही गावची असू शकेल.

या दोन तालुक्यांचा गेल्या काही दशकांचा इतिहास एका साखळीसारखा सांगता येतो. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे झाली. कालव्यांनी पाणी आले. पाणी आले तसा ऊस आला. ऊस आला तसा त्यात बिबट्या राहू लागला. तिथेच त्याची पिल्ले होऊ लागली आणि डोंगरातला पाहुणा शिवारातला रहिवासी झाला. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे, यावरून प्रकरण किती मुरले आहे हे कळेल. बिबट्या आला तशी शेळी, वासरू आणि अंगणातले लेकरू यांची काळजी आली. काळजी आली तशी गोठ्याला लोखंडी जाळी, ओसरीला ग्रिल आणि दाराला अँगलची चौकट आली. आणि लोखंड आले तसा वेल्डिंगवाला दारात आला. साखळीची शेवटची कडी मात्र कोणी पाहत नाही. तो वेल्डिंगवाला आपल्या यंत्राची वायर कुठे जोडतो? आपल्याच घरातल्या बोर्डाला!

दोन वर्षांपूर्वी वसुबारसेच्या आधी तीन-चार दिवस मी मावशीकडे गेलो होतो. शेजारच्या वस्तीवरून बिबट्याने शेळी उचलल्याला आठवडा झाला नव्हता. मावशीने निश्चय केला होता की, दिवाळीच्या आत आपल्या शेळ्यांच्या गोठ्याला चारी बाजूंनी जाळी झालीच पाहिजे. सणाच्या तोंडावर वेल्डिंगवाला मिळणे म्हणजे लग्नसराईत भटजी मिळण्यासारखे. तरी एक तरुण मुलगा मिळाला. हात कसबी, स्वभाव गोड, कामाची रास मोठी. त्याने टेम्पोतून आपले जुने ट्रान्सफॉर्मरचे मशीन उतरवले, माजघरातल्या पॉवरच्या सॉकेटात दोन उघड्या तारा खुपसल्या आणि त्या सुटू नयेत म्हणून वर दोन आगकाड्या खोचल्या.

मी म्हटले, “अरे दादा, याला निदान पिन तरी लाव.”

“काय व्हत नाही साहेब,” तो हसून म्हणाला, “रोजचंच काम हाय.”

दोन रॉड जळतात न जळतात तोच फ्यूज उडाला. त्याने किटकॅट काढली, फ्यूजची बारीक तार फेकून दिली आणि वायरीतले चार-सहा धागे पिळून तिथे बसवले. “आता न्हाई उडायचा,” तो म्हणाला. आणि खरोखरच उडाला नाही. फ्यूज उडाला नाही हेच तर दुर्दैव!

अर्ध्या तासाने घरातले दिवे मिणमिणू लागले. मावशी चिवड्याचे पोहे भाजत होती. ती म्हणाली, “काही तरी जळतंय रे, पण माझे पोहे नाहीत.” बायकांच्या नाकाला मी तेव्हापासून प्रमाण मानतो. माजघराच्या भिंतीवर, कणगीच्या बरोबर वर, तारांच्या जोडाची पेटी होती. तिच्या झाकणातून धूर निघत होता. मावसभावाने धावत जाऊन मेन स्विच पाडला. झाकण काढले तर आतला प्लॅस्टिकचा लगदा झालेला आणि पेटीमागची लाकडी पट्टी कोळशासारखी काळी. अजून दहा मिनिटे गेली असती तर कणगी, माळवद आणि दिवाळी, तिन्ही एकदम पेटली असती.

आता हे असे का झाले, ते पाहू. आकडेमोड सोपी आहे. शाळेत गणितात ज्यांना पस्तीस मार्क पडले त्यांनाही जमेल.

जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनमध्ये रॉड टेकवण्यापूर्वी रॉडच्या टोकाशी साधारण ८० व्होल्टचा दाब असतो. घरातला दाब २३० व्होल्टचा. म्हणजे मशीन दाब पावणेतीन-तीन पटींनी उतरवते आणि तेवढ्याच पटींनी प्रवाह वाढवते. जाळी-अँगलच्या कामाला रॉडमधून १०० अँपिअर प्रवाह लागतो असे धरा. तर भिंतीतल्या तारेतून जाणारा प्रवाह झाला सुमारे ३५ अँपिअर. आणि घरातले पॉवरचे सॉकेट असते फार तर १६ अँपिअरचे! दिव्यांच्या बोर्डावरचे लहान सॉकेट तर सहाचेच. सोळा मणांच्या गाडीत पस्तीस मण भरले तर बैलाचे काय होईल, ते शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. विजेच्या तारेला मात्र ओरडता येत नाही, म्हणून आपण भरत राहतो.

त्यातही एक मेख आहे. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार मीटरपासून सॉकेटापर्यंत वीस मीटर गेली आहे असे धरा. जाण्याची आणि येण्याची मिळून चाळीस मीटर तार झाली. तिचा रोध सुमारे ०·३ ओहम. १६ अँपिअरला त्या सगळ्या तारेत मिळून ७७ वॉट उष्णता होते, आणि ती भिंत सहज पचवते. ३५ अँपिअरला तीच उष्णता ३६७ वॉट होते. आणि मधे जर एखादा जोड सैल असेल, म्हणजे नुसते पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला असेल, तर त्या एकट्या जोडाचा रोध ०·१ ओहम भरला तरी शंभराहून अधिक वॉट उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत कोंडते. शंभर वॉटचा जुना दिवा आठवा. पेटलेला असताना त्याला बोट लावून पाहिले होते ना? तोच दिवा भिंतीत, लाकडी पट्टीला चिकटून, झाकणाखाली पेटला आहे अशी कल्पना करा.

अशा वेळी फ्यूजचे काम एकच असते. आपण जळायचे आणि घर वाचवायचे. आम्ही त्या बिचाऱ्याच्या जागी जाड तार बसवली, म्हणजे रखवालदाराला बांधून ठेवून दार उघडे टाकले. घरातली तार ज्या फ्यूजच्या भरवशावर घातलेली असते, तो फ्यूज जाड केला की तारच फ्यूज होते. आणि ती कुठे वितळावी हे तीच ठरवते.

यात त्या मुलाचा दोष नाही असे मी म्हणत नाही. पण सगळा दोष त्याचा नाही. आपल्या घरांच्या वायरिंगचे वय पाहा. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले १९६० साली. त्यानंतर खेडोपाडी वीज गेली तेव्हा घराला लागत काय होते? दोन-तीन दिवे आणि हौस असेल तर एक रेडिओ. त्या हिशेबाने तारा पडल्या. पुढे पंखा आला, दूरदर्शन संच आला, मिक्सर, फ्रिज, पाण्याची मोटर, गीझर आले. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन महावितरण झाले, बिलाचा कागद बदलला. पण कित्येक घरांत भिंतीतली तार तीच राहिली. पणजोबांच्या खांद्यावर पणतूचे लग्न!

असो. मावशीची गोष्ट इथे संपली असती, तर ती मी सांगितलीही नसती. जळलेली पेटी बदलली, मुलाने ओशाळून मजुरी कमी घेतली आणि दुसऱ्या दिवशी जनरेटर आणून जाळी पुरी केली. शेळ्या सुरक्षित झाल्या. मीही दिवाळी करून परतलो.

खरा धोका पुढेच होता. तुळशीचे लग्न झाल्यावर मावशीचा फोन आला. बोलता बोलता ती सहज म्हणाली, “फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात बाई आजकाल. वय झालं माझं.” वय फ्रिजला होते, मावशीला नव्हते! मी मावसभावाला ताबडतोब फ्रिजची पिन काढायला लावली आणि जाणत्या वायरमनला बोलवायला सांगितले. त्याने जे शोधून काढले ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. अख्ख्या घराची अर्थिंगची तार मधेच जळून तुटली होती. जवळजवळ महिनाभर ते घर अर्थिंगशिवाय उभे होते आणि कोणालाही पत्ता नव्हता. कारण अर्थिंग तुटली म्हणून दिवा बंद पडत नाही की पंखा थांबत नाही. सगळे जसेच्या तसे चालते. एक दिवस माणूस तेवढा थांबतो.

ही तार कशाने जळली? वेल्डिंगच्या यंत्राला दोन जाड केबली असतात. एकीच्या टोकाला रॉड धरण्याचा होल्डर आणि दुसरीच्या टोकाला क्लँप. या क्लँपला आपल्याकडे सर्रास ‘अर्थिंग’ म्हणतात, आणि घोटाळा या नावापासूनच सुरू होतो. तो अर्थिंग नव्हे. तो प्रवाहाचा परतीचा रस्ता आहे. रॉडमधून शंभर अँपिअर गेले, ते शंभरच्या शंभर परत मशीनकडे आलेच पाहिजेत. क्लँप कामाजवळ लावला तर ते जवळच्या वाटेने येतात. दूर कुठे लावला तर वाट शोधत येतात.

त्या दिवशी केबल आखूड पडली. मुलाने क्लँप लावला तो पाण्याच्या मोटरजवळच्या लोखंडी पाइपाला. पाइप गोठ्यातल्या हौदापर्यंत जातो, लोखंडाला लोखंड लागलेले आहे, असा त्याचा हिशेब. पण मधे हातभर तुकडा प्लॅस्टिकचा होता, तो मातीखाली कोणाला दिसणार? तेव्हा प्रवाहाने दुसरी वाट काढली. गोठ्याच्या खांबाला दिव्याची पत्र्याची पेटी होती. तिला अर्थिंगची तार होती. त्या तारेने प्रवाह घरातल्या बोर्डावर आला, तिथून मोटरकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या तारेने मोटरवर आणि मोटरवरून पाइपावर, क्लँपपाशी. घराची अर्थिंग खड्ड्यापर्यंत जात होती ती याच मोटरवरून. दीड चौरस मिलिमीटरच्या, वीस मीटर लांब तारेतून १०० अँपिअर गेले तर तिच्यात दोन हजार चारशे वॉट उष्णता होते. दोन-अडीच इस्त्र्या त्या तारेवर फिरवाव्या तशी! तार तापली, वितळली आणि तुटली. ना फ्यूज उडाला, ना धूर दिसला. अर्थिंगच्या तारेत फ्यूज नसतोच. आणि हा प्रवाह मशीनच्या पलीकडच्या बाजूचा, त्याची मीटरकडच्या फ्यूजला खबरही लागत नाही.

वाचकहो, या संपूर्ण लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा: क्लँप जिथे ठिणगी पडते तिथून हातभर अंतरावर, रंग-गंज खरवडून काढलेल्या त्याच लोखंडावर लावावा. पाइपाला नाही, जुन्या ग्रिलला नाही, मोटरला तर मुळीच नाही.

या भागात ठिणगीविषयी सर्वांत जास्त दक्ष कोण असेल, तर नारायणगावजवळच्या खोडदची मंडळी. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यभागी आणि सोळा तीन दिशांना, कित्येक किलोमीटर दूरपर्यंत पसरलेल्या. दूरच्या दीर्घिकांमधून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओलहरी या तबकड्या टिपतात. आणि विजेची प्रत्येक ठिणगी म्हणजे एक लहानसे आकाशवाणी केंद्रच असते. १८९०च्या दशकात मार्कोनीने बिनतारी संदेश धाडले ते ठिणगीच्याच यंत्राने. म्हणून खांबावरचा एखादा जोड सैल होऊन चरचरू लागला, तर खोडदच्या शास्त्रज्ञांच्या कानात ती चरचर घुसते. तीच चरचर आपल्या भिंतीतल्या पेटीत होते तेव्हा आपण मात्र रेडिओ मोठा करतो! जी ठिणगी रॉडच्या टोकाशी लोखंड जोडते, तीच सॉकेटात, जोडात किंवा क्लँपखाली पडली की घर जाळते. ठिणगी वाईट नाही. तिने आपली जागा सोडू नये, एवढेच.

आता करावे काय, ते सांगतो. नुसती भीती घालून उठणे हा पाहुण्याचा धर्म नव्हे.

पहिली गोष्ट, होईल तितके काम दुकानातच करून घ्यावे. चौकटी आणि जाळ्या मापाने तिथे तयार कराव्यात आणि घरी आणून नट-बोल्टांनी कसाव्यात. घरी वेल्डिंगच झाले नाही तर निम्मी काळजी मिटली.

दुसरी, घरी करणे भागच असेल तर मशीन कोणते ते विचारावे. हल्ली सुटकेसएवढी इन्व्हर्टर मशीने मिळतात. तीच १०० अँपिअरची ठिणगी २४ व्होल्टच्या आसपास जळते, म्हणजे काम २४०० वॉटचे. यंत्रातली गळती आणि इतर तूट धरून ही मशीने घराच्या तारेतून १८-१९ अँपिअर घेतात. पस्तीसपेक्षा बरे, पण सोळाच्या सॉकेटाला तेही जडच. त्यांच्यावर बारीक रॉड, कमी प्रवाह आणि मधे मधे विश्रांती हे पथ्य पाळावे. जुने ट्रान्सफॉर्मर मशीन मात्र घरगुती जोडणीवर लावूच देऊ नये. त्याला जनरेटर आणावा. वीजबिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो, तो एकदा चष्मा लावून वाचावा.

तिसरी, ज्याच्या घरी असे काम वारंवार निघते त्याने परवानाधारक माणसाकडून मीटरजवळच एक वेगळी वाट काढून घ्यावी. तिला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, स्वतःचा वीस अँपिअरचा एमसीबी, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि भक्कम सॉकेट असावे. आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. खट्कन पडला नाही तर तो शोभेचा समजावा.

चौथी, लांबवणीची वायर जाड आणि तीन तारांची असावी, आणि ती रिळावरून पूर्ण उलगडावी. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही. आत पोळ्यांच्या डब्यासारखी वाफ धरते. आगकाड्या देवापुढच्या निरांजनासाठी ठेवाव्यात. सॉकेटाला पिनच लागते.

पाचवी गोष्ट वेल्डिंग करणाऱ्यासाठी. आरसीसीबी आहे म्हणून ओल्या मातीत अनवाणी उभे राहून रॉड बदलू नये. आरसीसीबी राखतो तो मशीनच्या अलीकडची बाजू. पलीकडच्या बाजूच्या धक्क्याची त्याला जाणीव नसते. तिथले ८० व्होल्ट घामाने भिजलेल्या माणसाला पुरेसे आहेत. कोरडे कातडी हातमोजे, कोरडे बूट आणि पायाखाली कोरडी फळी हवीच.

आणि धक्का बसलाच, तर त्या माणसाला हात लावू नये. आधी मेन स्विच पाडावा. तो दूर असेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून सोडवावे. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब द्यायला लागावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. खांबावर ठिणग्या दिसल्या तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे. खांबावर स्वतः चढू नये, आकडा टाकून तर वीज घेऊच नये. बिबट्याच्या भीतीने कोणी कुंपणात घरची वीज सोडत असेल, तर त्याला चार लोकांनी बसवून समजावावे. ते कुंपण बिबट्या ओळखत नाही आणि शेजारचे पोरही ओळखत नाही. तो गुन्हा आहे, आणि गुन्ह्याआधी ते पाप आहे.

गेल्या दिवाळीत मी पुन्हा मावशीकडे गेलो. सगळे वायरिंग नवे झाले होते, अर्थिंगला नवा खड्डा झाला होता. ओसरीचे ग्रिल बसवायला तोच मुलगा आला होता. या खेपेस त्याच्याकडे इन्व्हर्टर मशीन होते आणि बरोबर एक लहानशी पेटी. तीत एमसीबी, आरसीसीबी आणि जाड सॉकेट. मी कौतुक केले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “साहेब, मलाबी मशीनच्या बॉडीला रोज मुंग्या यायच्या. मला वाटायचं, ह्या धंद्यात तसंच असतं. कुणी सांगितलंच न्हाई कधी.”

कोणी सांगितलेच नाही. फराळाच्या ताटात तारा वाढल्या त्या एवढ्याचसाठी.

मावशीने त्याला बसायला पाट दिला, पण चहाचे आधण ठेवण्यापूर्वी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आधी तुझा तो चिमटा कुठं लावलास ते दाखव बाळा. मग चहा.”